पाळीव कासवाचे पाणी: रायगड किनाऱ्यावर तापमानाचा प्रश्न

कासवाचे शरीर स्वतःची ऊब तयार करून ती टिकवत नाही. भोवतालचे पाणी, हवा आणि ऊन जेवढी उष्णता देतील तेवढ्यावरच त्याची भूक, पचन, हालचाल आणि रोगाशी झुंजण्याची ताकद चालते. शरीराचे तापमान दहा अंश सेल्सिअसने उतरले की चयापचयाचा वेग निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. म्हणूनच टाकीतले पाणी किती अंशांवर आहे, हा पाणकासव पाळणाऱ्यापुढचा पहिला प्रश्न असतो. आहार, प्रकाश, पाण्याची स्वच्छता हे पुढचे सगळे प्रश्न त्याच्याशी जोडलेले असतात.

या विषयावरची बहुतेक मार्गदर्शक पुस्तके थंड देशांत लिहिली गेली आहेत. तिथे घराबाहेर बर्फ पडते, त्यामुळे पुस्तकाचे पहिले प्रकरण हीटरचे असते. उरणपासून अलिबाग, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन करत हरिहरेश्वरपर्यंत पसरलेल्या रायगडच्या किनाऱ्यावर ते जसेच्या तसे लागू पडत नाही. इथे वर्षातले निदान नऊ महिने पाणी आपसूक गरम असते. पाणी तापवणे हा इथला खरा प्रश्न नाही. ते उन्हाळ्यात फार तापू न देणे, एकदम बदलू न देणे आणि पावसाळ्यात कासवाला कोरडी ऊब मिळवून देणे, ही इथली कामे आहेत.

कोणते कासव

आपल्याकडे दुकानांतून विकले जाणारे पाणकासव म्हणजे बहुतांशी रेड-इअर्ड स्लायडर. डोळ्यामागे लाल पट्टा असलेले, तळहातावर मावणारे हिरवे पिल्लू. त्याचे मूळ घर अमेरिकेतले मिसिसिपी नदीचे खोरे आणि त्याच्या दक्षिणेचा मुलूख. तळहातावर मावते ते पहिल्या वर्षापुरतेच. पूर्ण वाढलेली मादी पंचवीस सेंटिमीटरपर्यंत, कधी त्याहून मोठी होते आणि नीट सांभाळल्यास कासव वीस-तीस वर्षे सहज जगते. विकत घेताना हे फारसे कोणी सांगत नाही.

देशी कासवांचा विचार पाळण्यासाठी करूच नये. कोकणातल्या तळ्यांत आणि भातखाचरांत आढळणारे इंडियन फ्लॅपशेल, ओढ्याकाठचे काळे कासव, दुकानात कधी चोरून विकले जाणारे तारांकित कासव आणि समुद्री कासवे, या सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिले आहे. कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. फ्लॅपशेल, तारांकित कासव आणि समुद्री कासवे पहिल्या अनुसूचीत आहेत आणि त्या अनुसूचीतला प्राणी बाळगण्याची शिक्षा तीन ते सात वर्षे कैदेपर्यंत जाते. देवळाच्या सभामंडपात दगडी कासव असते म्हणून घरात जिवंत कासव शुभ, ही समजूत कायद्यापुढे टिकत नाही. पुढचे विवेचन त्यामुळे स्लायडर आणि त्याच्यासारख्या परदेशी पाणकासवांपुरते आहे.

किती अंश

स्लायडरच्या पिल्लासाठी पाणी २६ ते २८ अंश आणि मोठ्या कासवासाठी २४ ते २७ अंश असावे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. बसायच्या कोरड्या जागेचे तापमान मात्र ३२ ते ३५ अंश हवे. हे दोन आकडे वेगवेगळे आहेत, यातच या विषयाचे मर्म आहे. कासवाला एक ठरावीक तापमान नको असते, त्याला निवड हवी असते. निसर्गात ते सकाळी ओंडक्यावर चढून ऊन खाते, अंग तापले की पाण्यात उतरते, पुन्हा चढते. दिवसभर असे वर-खाली करून ते स्वतःचे शरीर २८-२९ अंशांच्या आसपास ठेवते. आजारी कासव मुद्दाम जास्त वेळ उन्हात बसते. माणसाला जंतुसंसर्गात ताप चढतो, कासव तो ऊन शोधून अंगावर चढवून घेते. ज्या टाकीत सगळे पाणी आणि सगळी हवा एकाच तापमानाची आहे, तिथे आकडा पुस्तकाशी तंतोतंत जुळला तरी कासवाच्या हाती काहीच उरत नाही.

वरची आणि खालची मर्यादाही माहीत असावी. पाणी २० अंशांच्या खाली गेले की स्लायडरची भूक मंदावते आणि दहाच्या आसपास ते सुप्तावस्थेत जाते. वरच्या बाजूला शरीराचे तापमान ४० अंशांच्या पुढे सरकले की स्नायूंवरचा ताबा सुटतो आणि थोड्याच वेळात मृत्यू येतो. पाणी ३२ अंशांवर गेल्यावर लक्ष ठेवावे आणि ३५ ही धोक्याची रेषा समजावी. दोन्ही टोकांत फरक आहे. थंडीने कासव हळूहळू आजारी पडते, त्यामुळे उपाय करायला आठवडे हातात असतात. उष्णतेने ते एका दुपारी मरते.

आकड्याइतकाच बदलाचा वेगही महत्त्वाचा आहे. महिनाभरात पाणी २५ वरून ३० वर गेले तर कासव त्याच्याशी जुळवून घेते. तेवढाच फरक पाणी बदलताना एका मिनिटात पडला तर त्याच्या शरीरावर ताण येतो. नवे पाणी जुन्यापेक्षा दोन-तीन अंशांहून वेगळे नसावे.

रायगडचे वर्ष

अलिबागला हवामानाच्या नोंदी जुन्या आहेत. मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्या तेव्हा कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ च्या सुमारास इथे हलवली गेली. इथल्या किनाऱ्यावर मे महिन्यातले कमाल तापमान सरासरी ३२-३३ अंशांच्या आसपास असते, तर जानेवारीतले किमान १७-१८. समुद्र दोन्ही टोके बोथट करतो. जिल्ह्याच्या आतल्या भागात चित्र पार बदलते. २८ मार्च २०१७ रोजी रायगडमधल्याच भिरा इथे ४६.५ अंशांची नोंद झाली आणि ती देशभर गाजली. तेव्हा 'रायगडात कासव पाळणे' असा एकच विषय नाही. रेवदंड्याच्या वाडीतली टाकी आणि महाड किंवा कर्जतच्या फार्महाऊसमधली टाकी यांची गणिते वेगळी आहेत.

फरक केवळ हवेच्या तापमानाचा नाही, दमटपणाचाही आहे. उघड्या पाण्याच्या पृष्ठभागावरून बाष्पीभवन होते आणि पाणी थंड राहते. माठ गार राहतो तो याच न्यायाने. बाष्पीभवनाने पाणी जास्तीत जास्त किती थंड होईल याला मर्यादा असते आणि ती हवेतल्या ओलाव्यावर ठरते. मार्चच्या दुपारी महाडला हवा ३८ अंश आणि आर्द्रता २५ टक्के असेल तर ही मर्यादा २२-२३ अंशांवर येते. मे महिन्यात मुरूडला हवा ३३ अंशच असली तरी आर्द्रता ६५ टक्के असल्यास मर्यादा २७ अंशांच्या वर जाते. म्हणजे टाकीवर पंखा लावणे, भोवती ओले गोणपाट गुंडाळणे हे उपाय घाटाच्या पायथ्याला उत्तम चालतात. ऐन किनाऱ्यावर मेमध्ये त्यांचा उपयोग अंश-दोन अंशांपुरताच.

विहिरीचे पाणी हा कोकणातला खरा आधार आहे. जमिनीखालच्या पाण्याचे तापमान वर्षभराच्या हवेच्या सरासरीजवळ राहते. रायगडच्या किनारपट्टीत ते २७ अंशांच्या आसपास असते. म्हणूनच तेच पाणी जानेवारीच्या पहाटे कोमट आणि मेच्या दुपारी गार लागते. (पालीजवळच्या उन्हेरे आणि महाडजवळच्या सव इथल्या गरम झऱ्यांचा अपवाद सोडून.) कासवाला हव्या असलेल्या पट्ट्याच्या अगदी जवळचे हे पाणी बारा महिने फुकट मिळते. उपसून लगेच वापरता येणारे, क्लोरीन नसलेले असे पाणी थंड देशातल्या पाळणाऱ्याला मिळत नाही. खाडीलगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, तेवढे मात्र चव घेऊन पाहावे.

याउलट गच्चीवरच्या टाकीतले पाणी. काळ्या प्लास्टिकच्या टाकीत आणि उन्हात पडलेल्या पाइपात एप्रिल-मेच्या दुपारी पाणी हाताला चटका देईल इतके तापते. त्या वेळी नळ सोडून कासवाची टाकी भरणे, हा इथला सर्वांत सहज घडणारा अपघात आहे. पाणी सकाळी लवकर बदलावे किंवा रात्रीच बालदीत भरून ठेवावे.

उन्हाळा: पाणी तापू न देणे

सावलीत, घराच्या आत ठेवलेल्या मोठ्या टाकीतले पाणी खोलीच्या दिवसरात्रीच्या सरासरीवर स्थिरावते. मेमध्ये किनाऱ्यावर दुपार ३३ आणि पहाट २७ असेल तर ते ३० अंशांच्या जवळ राहणार. पुस्तकातल्या २४-२७ पेक्षा हे जास्त आहे, पण घाबरण्यासारखे नाही. स्लायडरच्या मूळ प्रदेशातही भर उन्हाळ्यात उथळ पाणी तिशी ओलांडते. वातानुकूलन यंत्र लावल्याशिवाय कोकणात मे महिन्यात पाणी २६ अंशांवर धरता येत नाही आणि धरण्याची गरजही नाही.

धोका आहे तो कमी पाण्यात. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण १.१६ वॅट-तास ऊर्जा लागते. दुकानात पिल्लाबरोबर मिळणाऱ्या, प्लास्टिकचे नारळाचे झाड लावलेल्या पसरट भांड्यात पाच लिटर पाणी धरले, त्यावर दुपारचे थेट ऊन पडले आणि त्यातली निम्मी उष्णता जरी पाण्यात शोषली गेली, तरी तासाला सहा-सात अंशांची वाढ होते. अकरा वाजता २९ अंशांवर असलेले पाणी दीड-दोन तासांत ४० च्या घरात जाते आणि कासवाला पळायला जागा नसते. खिडकीजवळच्या काचेच्या टाकीचे तेच. 'थोडे ऊन लागू दे' म्हणून बाहेर ठेवलेले आणि विसरलेले भांडे हे उन्हाळ्यातल्या कासवमृत्यूचे साधे कारण. ऊन द्यायचे तर सकाळी आठ-नऊच्या आत, अर्धे भांडे सावलीत राहील असे आणि माणूस शेजारी असताना.

पाण्याचे आकारमान वाढवणे हाच म्हणून पहिला आणि टिकाऊ उपाय. कवचाच्या दर सेंटिमीटर लांबीमागे पंधरा लिटर पाणी असा ढोबळ ठोकताळा आहे. पंचवीस सेंटिमीटरच्या कासवाला त्या हिशेबाने पावणेचारशे लिटर लागतात. ही टाकी दिवाणखान्याच्या टेबलावर मावत नाही. कोकणातल्या घराला त्याचे उत्तर अंगणात सापडते. पोफळीच्या सावलीत, निम्मा जमिनीत गाडलेला, दोन-अडीच फूट खोल हौद मेमध्येही वरवरच तापतो, तळाशी गार राहतो. त्याचा थोडा भाग सकाळच्या उन्हात यावा आणि कासवाला चढून बसता येईल असा उतरता दगडी कठडा असावा. आतल्या घरात पडवी ही चांगली जागा. सिमेंटच्या पत्र्याखालची खोली सर्वांत वाईट, कौलारू माजघर त्याहून कितीतरी बरे.

बर्फाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण उन्हाळ्यात हा उपाय सर्रास सुचवला जातो. अर्ध्या लिटरची गोठवलेली बाटली शंभर लिटरच्या टाकीत सोडली तर बर्फ पूर्ण वितळून त्याचे पाणी टाकीइतके होईपर्यंत तापमान जेमतेम अर्ध्या अंशाने उतरते. तीच बाटली दहा लिटरच्या टबात सोडली तर पाच अंशांहून अधिक. म्हणजे मोठ्या टाकीत ती निरुपयोगी, छोट्या टबात धक्कादायक. त्यापेक्षा टाकीतले तिसरा हिस्सा पाणी काढून विहिरीचे पाणी घालावे. तीस अंशांचे पाणी त्याने सुमारे एका अंशाने उतरते, घाणही जाते आणि धक्का बसत नाही.

पावसाळा: पाणी बरोबर, ऊन गायब

किनाऱ्यावर जून ते सप्टेंबरात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. या काळात टाकीतले पाणी कसलाही उपाय न करता २६ ते २८ अंशांवर राहते. थर्मामीटरकडे पाहून सारे आलबेल वाटते आणि नेमक्या याच ऋतूत कासवे आजारी पडतात. कारण पाण्यात नसते, पाण्याबाहेर असते. दिवसचे दिवस ऊन पडत नाही. बसायची फळी ओली, हवा ओली, कवच कधी कोरडे होत नाही. कवचाच्या खपल्यांखाली बुरशी आणि जिवाणू वाढतात, मऊ दुर्गंधीयुक्त चट्टे पडतात. ऊन नसल्याने जीवनसत्त्व डी-३ बनत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही आणि वाढत्या पिल्लाचे कवच मऊ पडते.

या चार महिन्यांत हीटरवर खर्च करण्यापेक्षा दिव्यांवर करावा. दोन दिवे लागतात. एक उष्णतेचा, ज्याने बसायची जागा ३२-३५ अंशांवर येते आणि कोरडी राहते. दुसरा अतिनील-बी किरणांचा, साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचा, दिवसाला दहा-बारा तास. अतिनील दिवा दिसायला पेटत राहिला तरी त्याची किरणे सहा महिने ते वर्षभरात क्षीण होतात, त्यामुळे तो जळून जायची वाट न पाहता बदलावा लागतो. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन या कामाचे नाही. काच ऊब आत सोडते, अतिनील-बी अडवते. श्रावणात उघडीप मिळाली की तासभर कासवाला खुल्या उन्हात काढणे कोणत्याही दिव्यापेक्षा चांगले.

पावसाळ्यात वीज जाणे ही रायगडची नेहमीची बाब. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले. त्यानंतर श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा भागांतल्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. थंड देशातल्या पुस्तकात वीज गेल्यावर पाणी गार पडण्याची काळजी असते. जूनमध्ये कोकणात ती नसते, इथे फिल्टर बंद पडण्याची काळजी करावी लागते. फिल्टरमध्ये वाढलेले, कासवाच्या मलमूत्रातला अमोनिया पचवणारे जिवाणू प्राणवायूवर जगतात. कोमट, साचलेल्या पाण्यात ते काही तासांत मरू लागतात. वीज आल्यावर तोच फिल्टर तसाच सुरू केला तर आतली घाण टाकीत येते. लांबलेल्या वीजबंदीत खाणे बंद करावे, रोज थोडे पाणी बदलावे आणि फिल्टरचा स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात धुऊन मगच परत लावावा.

हिवाळा आणि हीटर

डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत उत्तरेचे वारे आले की किनाऱ्यावर पहाटे १६-१८ अंश होतात. घरातले पाणी त्या वेळी २२ ते २४ असते. उघड्यावरच्या उथळ टाकीत कोरड्या वाऱ्यामुळे ते विसाच्या आसपास जाते. कर्जत, पोलादपूरकडे आणखी खाली. निरोगी मोठ्या स्लायडरला यात काही होत नाही. ते कमी खाते, कमी हिंडते. पिल्ले, नुकतीच आणलेली आणि आजारी कासवे यांना मात्र पाणी २६ अंशांवर धरून द्यावे लागते.

थंडीत एक गैरसमज दरवर्षी डोके वर काढतो. कासव खात नाही म्हणजे ते सुप्तावस्थेत गेले, असे समजून त्याला कोपऱ्यात ठेवून दिले जाते. कोकणात खरी सुप्तावस्था येतच नाही. त्यासाठी लागणारी दहा अंशांखालची स्थिर थंडी इथे पडत नाही. १५ ते २० अंशांचा मधला पट्टा उलट जास्त त्रासाचा असतो. झोपण्याइतकी थंडी नसते, त्यामुळे साठवलेली शक्ती खर्च होत राहते आणि पचवण्याइतकी ऊब नसते, त्यामुळे पोटातले अन्न कुजते. थंडीच्या दिवसांत खाणे निम्म्यावर आणावे. पाणी विसाखाली राहणार असेल तर ते एकतर तापवावे किंवा खाणे थांबवावे. बळजबरीने भरवणे सर्वांत घातक.

हीटर घ्यायचाच तर थर्मोस्टॅट असलेला, पाण्यात बुडणारा घ्यावा. पाणी पाच अंशांनी वर न्यायचे असेल तर लिटरमागे एक वॅट पुरेसा. साठ लिटर पाणी पाच अंशांनी तापवायला सुमारे ३५० वॅट-तास लागतात. शंभर वॅटचा हीटर ते काम, उष्णता वाया जाणे धरून, चार-पाच तासांत करतो आणि हे मंद तापवणेच हवे असते. मोठे कासव काचेचा हीटर सहज फोडते, म्हणून तो भोके पाडलेल्या पीव्हीसी पाइपात बसवावा. पाणी बदलण्याआधी हीटर बंद करून थोडा निवू द्यावा, नाहीतर उघड्या पडलेल्या तापल्या काचेवर पाणी पडून ती तडकते. टाकीच्या वीजजोडणीला गळतीरोधक स्विच असावा. आंघोळीचे पाणी तापवायचा रॉड कासवाच्या टाकीत कधीही घालू नये. त्याला तापमान कळत नाही, विजेचा धक्का देण्याची शक्यता असते आणि रॉड विसरला तर कासव उकडून निघते. उकळते पाणी ओतून टाकी 'कोमट' करणेही त्याच वर्गातले.

थर्मामीटर दोन हवेत, एक पाण्यात आणि एक बसायच्या जागी. काचेवर बाहेरून चिकटवायच्या पट्ट्या पाण्याचे नव्हे, काचेचे तापमान दाखवतात. वायरला टोक असलेला साधा डिजिटल थर्मामीटर त्याहून विश्वासू. हातावरून अंदाज घेण्यात अर्थ नाही. माणसाच्या कातडीला २९ अंशांचे पाणी गार लागते, कासवाला ते भरपूर गरम असते.

तापमान आणि पाण्याची घाण

पाणी जितके गरम, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात ७.६. कासव फुप्फुसांनी श्वास घेते, त्यामुळे मासा गुदमरतो तसे ते गुदमरत नाही, पण फिल्टरमधले जिवाणू अडचणीत येतात. दुसरीकडे अमोनियाचे विषारी रूप उष्णतेने वाढते. पी-एच ८ असताना एकूण अमोनियापैकी २० अंशांवर जवळपास ४ टक्के, तर ३० अंशांवर ७ टक्क्यांहून अधिक विषारी रूपात असतो. त्यात गरम पाण्यातले कासव जास्त खाते आणि जास्त घाण करते. थंड हवेत पंधरवड्याने पाणी बदलून भागत असेल, तर कोकणच्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा बदलावे लागते. डोळ्यांची आग, सुजलेल्या पापण्या, कातडीवरचे पांढरे थर हे बहुतेक वेळा घाण पाण्याचे परिणाम असतात. पापण्या सुजण्यामागे जीवनसत्त्व ए-ची कमतरताही असू शकते, ते पशुवैद्यकाने ठरवायचे.

कोमट घाण पाण्यात साल्मोनेलाही वाढतो. कासव स्वतः निरोगी दिसत असताना हे जिवाणू बाळगते आणि लहान मुलांना त्यापासून गंभीर अतिसार होतो. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांची विक्री बंद आहे. टाकी स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नये आणि कासवाला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत.

श्वसनमार्गाचा संसर्ग हा तापमानाशी सर्वांत थेट जोडलेला आजार. पाणी कोमट आणि वरची हवा गार, अशा टाकीत तो जास्त होतो, कारण कासव वर येऊन थंड हवा आत ओढते. नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास घेणे, पाण्यात एका बाजूला कलंडून तरंगणे ही लक्षणे. पाणी दोन-तीन दिवसांत हळूहळू २८ ते ३० अंशांवर न्यावे आणि लगेच पशुवैद्यकाला गाठावे. ऊब औषधाला साथ देते, पण औषधाची जागा घेत नाही.

अंड्यातले अंश

मादी स्लायडर नर नसतानाही अंडी घालू शकते, ती फळत नाहीत एवढेच. फळलेल्या अंड्यात मात्र तापमान आणखी एक गोष्ट ठरवते: पिल्लाचे लिंग. स्लायडरची अंडी २६ अंशांवर उबवली तर सगळे नर निघतात, ३१ अंशांवर सगळ्या माद्या. सरड्याच्या अंड्यांवर उष्णतेचा असा परिणाम होतो, हे १९६६ मध्ये मादलेन शार्निए या फ्रेंच संशोधिकेने सेनेगलमध्ये प्रथम नोंदवले. पुढे ते कासवांतही दिसून आले.

रायगडच्या वाळूत दर हिवाळ्यात हेच घडत असते. हरिहरेश्वर, मारळ, दिवेआगर, श्रीवर्धनच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले माद्या अंडी घालतात. बाणकोट खाडीपलीकडच्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ मध्ये संवर्धनाचे काम सुरू केले. त्यानंतर वन विभाग आणि गावकरी यांच्या साहाय्याने ही घरटी कुंपण घातलेल्या जागेत हलवून जपली जाऊ लागली. शंभरेक अंड्यांचे घरटे दीड फूट खोल असते आणि पिल्ले ४५ ते ६० दिवसांत बाहेर येतात. वाळू २९ अंशांच्या खाली राहिली तर नर जास्त, वर गेली तर माद्या जास्त, आणि ३४-३५ च्या पुढे बराच काळ राहिली तर गर्भ मरतात. डिसेंबरचे घरटे आणि मार्चचे घरटे म्हणून सारखे नसते. उशिरा घातलेल्या घरट्यांवर सावलीसाठी जाळी धरण्यामागे हाच हिशेब आहे.

पावसाळी वादळात किनाऱ्याला लागलेले जखमी समुद्री कासव घरी आणून बादलीत ठेवणे बेकायदा तर आहेच, गोडे पाणी त्याला सोसत नाही हेही खरे. त्याला सावलीत, ओल्या फडक्याने झाकून ठेवावे आणि वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे.

नको झालेले कासव

ज्या हवामानामुळे रायगडात स्लायडर सांभाळणे सोपे जाते, त्याच हवामानामुळे ते मोकळे सोडणे घातक ठरते. युरोपच्या थंड भागांत सोडलेल्या स्लायडरांना तिथला उन्हाळा अंडी उबण्याइतका पुरत नाही. तरीही युरोपीय संघाने १९९७ मध्ये त्यांची आयात बंद केली. कोकणातल्या तळ्यात अशी कुठलीच अडचण नाही. पाणी वर्षभर वीस अंशांच्या वर, ऊन भरपूर, खाणे मुबलक. स्लायडर मोठे होते, आक्रमकपणे खाते आणि बसायच्या जागांवरून देशी कासवांना हुसकावते. जगातल्या सर्वांत त्रासदायक शंभर घुसखोर जातींच्या यादीत त्याचे नाव आहे. गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यात ते सापडले आहे आणि केरळमध्ये वन संशोधन संस्थेने लोकांकडची स्लायडर गोळा करण्याची मोहीम घेतली.

बहुतेक वेळा सोडणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. कासव मोठे झाले, टाकी पुरत नाही, देवळाचे तळे जवळ आहे, पुण्यही लागते. कधी तर कोणी सोडतही नाही. जुलैच्या एका पावसात अंगणातला हौद भरून वाहतो आणि कासव पऱ्याच्या वाटेने निघून जाते. हौदाला आतल्या बाजूने कलणारा, निदान फूटभर उंच गुळगुळीत कठडा आणि सांडव्याला जाळी असणे म्हणून आवश्यक आहे. सांभाळणे जमत नसेल तर कासव दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावे किंवा वन विभाग अथवा प्राणी बचाव संस्थेला विचारावे. तळ्यात, विहिरीत, खाडीत ते सोडू नये.